बाग, पार आणि कट्टा : सर्व वयांच्या विरंगुळ्याच्या सार्वजनिक जागेची चिकित्सा

प्रास्ताविक

मनुष्याच्या जीवनात श्रमाइतकेच विरंगुळ्यालाही स्थान आहे, हे आता सर्वमान्य झाले आहे. डच इतिहासकार योहान हुइझिंगा यांनी १९३८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘होमो लुडेन्स’ या ग्रंथात खेळ हा संस्कृतीच्या मुळाशीच असतो, अशी मांडणी केली. तेव्हापासून खेळ आणि विरंगुळा हे गंभीर अभ्यासाचे विषय ठरले. मात्र विरंगुळा कोणाला मिळतो, केव्हा मिळतो आणि कोणत्या जागी मिळतो, हे प्रश्न आपल्याकडे फारसे विचारले जात नाहीत. घर आणि कामाची जागा यांखेरीज माणसाला बसण्यासाठी, खेळण्यासाठी किंवा नुसते इतरांकडे पाहत राहण्यासाठी एखादी तिसरी जागा असते किंवा नसते. ती असल्या-नसल्याने त्या समाजाच्या स्वभावाविषयी पुष्कळ काही कळते.

प्रस्तुत लेखात वस्तीतील सार्वजनिक बाग ही एक सांस्कृतिक संहिता मानून तिचे वाचन करण्याचा प्रयत्न केला आहे. त्यासाठी मुंबईतील शिवाजी पार्क हे मुख्य उदाहरण घेतले असून, तुलनेसाठी पुण्यातील काही उद्यानांचा आणि गावातील पाराचा विचार केला आहे. निमगाव सावासारख्या जुन्नर तालुक्याच्या पूर्व पट्ट्यातील गावात अध्यापन करणाऱ्या व्यक्तीने मुंबईतील मैदानाविषयी का लिहावे, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. ग्रामीण भागातही आता बाग हवी, लहान मुलांसाठी घसरगुंडी हवी, खुली व्यायामशाळा हवी, अशी अपेक्षा व्यक्त होऊ लागली आहे. ही अपेक्षा रास्त आहे. परंतु शहरातील बागेकडून नेमके काय घ्यायचे, याचा निर्णय साहित्याची यादी करण्यापूर्वी व्हायला हवा. तो निर्णय सोपा व्हावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

‘बाग’ या शब्दाचे दोन अर्थ

‘बाग’ हा शब्द फारसीतून मराठीत आला, तर ‘उद्यान’ हा संस्कृतातून. नगरपालिकेच्या फलकावर ‘उद्यान’ असते आणि लोकांच्या तोंडी ‘बाग’ असते. जुन्नर तालुक्यात मात्र या ‘बागे’चा अर्थच निराळा आहे. येथे ‘बाग’ म्हणजे द्राक्षांची किंवा डाळिंबांची बाग. ‘दादा बागेत गेले आहेत’ असे एखाद्या विद्यार्थ्याने सांगितले, तर दादा फिरायला गेले आहेत असा अर्थ कोणीही घेत नाही. ते फवारणीला, विरळणीला किंवा मजुरांवर देखरेख करायला गेले आहेत, हे सर्वांना कळते. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास होणारी फळछाटणी या दोन टोकांमध्ये बागायतदाराचे वर्ष बांधलेले असते. माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या धरणांचा समावेश असलेल्या कुकडी प्रकल्पाने या भागातील जिरायत जमिनीला पाणी दिले. त्यातून ‘बागायत’ हा शब्द प्रतिष्ठेचा झाला.

हा केवळ शब्दार्थाचा भेद नाही. ज्या भाषेत बाग म्हणजे उत्पन्न, त्या भाषेत उत्पन्न न देणारी बाग हा जमिनीचा अपव्यय वाटू शकतो. ज्या माणसाला दिवसभर बागेत राबावे लागते, त्याला संध्याकाळी पुन्हा ‘बागेत’ जाण्याचे अप्रूप कसे वाटावे? गावाला हिरवळ अपरिचित नाही. हिरवळीत काम न करता बसणे मात्र अपरिचित आहे. म्हणूनच शहरातील बागेचा आराखडा उचलून गावात आणला, तर शोभेची झाडे येतील. विरंगुळा येईलच असे नाही.

२०१८ मध्ये जुन्नर हा राज्यातील पहिला विशेष पर्यटन तालुका म्हणून घोषित झाला. शिवनेरी, लेण्याद्री, ओझर, नाणेघाट यांचे महत्त्व लक्षात घेता ते उचितच झाले. पण पर्यटनासाठी सजवलेली जागा आणि रहिवाशांच्या रोजच्या वापराची जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाहुणा वर्षातून एकदा येतो, रहिवासी रोज येतो. पाहुण्यासाठी छायाचित्र काढण्याजोगी चौकट लागते. रहिवाशाला सावली, पाणी, बसायला जागा आणि स्वच्छतागृह लागते.

पार, चावडी आणि सणाचा विरंगुळा

गावात सार्वजनिक जागा नव्हती असे म्हणणे मात्र चुकीचे ठरेल. पिंपळाचा किंवा वडाचा पार, देवळाचा सभामंडप, चावडी, तालमीचा आखाडा, बैलगाड्यांचा घाट ही सारी गावाची विरंगुळ्याचीच ठिकाणे होत. पारावर म्हातारी माणसे बसतात, तरुण थांबतात, पोरे भोवती हुंदडतात. नात्यांचे तंटे तेथेच मिटतात आणि पावसाचे अंदाजही तेथेच बांधले जातात. वेगवेगळ्या वयांची माणसे एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात असणे, हा पाराचा फार मोठा गुण होय. बैलगाडा शर्यतींवर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने बंदी आली आणि मे २०२३ मध्ये न्यायालयाने राज्याचा सुधारित कायदा वैध ठरवला. त्या काळात जुन्नर-आंबेगाव परिसरात जी अस्वस्थता दिसली, तिच्यात बैलांवरील प्रेमाबरोबरच एकत्र जमण्याची जागा गमावल्याची खंतही असावी, असे वाटते.

परंतु पाराचे गोडवे गाताना त्याची मर्यादा विसरता येत नाही. पार सर्वांचा म्हटला, तरी तो सर्वांना सारखा खुला नव्हता. कोणी पारावर बसावे, कोणी खाली बसावे आणि कोणी दुरूनच जावे, हे जातीने ठरत असे. स्त्रियांच्या बाबतीत तर नियम सांगण्याचीही गरज भासत नसे. त्यांच्या एकत्र येण्याच्या जागा म्हणजे पाणवठा, जाते आणि ओसरी. म्हणजे जेथे हाताला काम आहे अशाच जागा. निव्वळ खेळण्यासाठी त्यांना मुभा होती ती नागपंचमीच्या झोक्याला, मंगळागौरीच्या रात्री, हादग्याच्या दिवसांत. पुरुषांचा विरंगुळा रोजचा होता. स्त्रियांचा विरंगुळा सणाचा होता. पुढे नळ दारात आले आणि पाणवठा संपला. कष्ट कमी झाले हे चांगलेच झाले. पण त्याबरोबर बायकांची भेटण्याची जागाही गेली आणि तिची भरपाई कोणी केली नाही.

वर्गात एकदा ग्रामीण कथेतील पाराचे वर्णन शिकवत असताना प्रस्तुत लेखिकेने विद्यार्थिनींना सहज विचारले, ‘तुमच्यापैकी गावच्या पारावर कोण कोण बसले आहे?’ मुलांच्या बाकांवर हसू उमटले. मुलींपैकी कोणीच हात वर केला नाही. शेवटी एक जण म्हणाली, ‘मॅडम, बसू नको असं कुणी म्हणत नाही. पण बस असंही कुणी म्हटलं नाही.’ पाराविषयी इतकी नेमकी टीका लेखिकेच्या वाचनात आलेली नाही. तिने आपला मूळ प्रश्नच बदलून टाकला. जागा सर्वांसाठी आहे असे जाहीर करणे पुरेसे आहे का? की त्या जागेने प्रत्येकाला ‘बस’ असे स्पष्टपणे म्हणायला हवे?

शिवाजी पार्क : एका मैदानाचे वाचन

हा प्रश्न मनात ठेवून शिवाजी पार्ककडे पाहणे उद्बोधक ठरते. जुन्नरच्या माणसाला हे नाव परके नाही. शिवनेरीवर जन्मलेल्या छत्रपतींचेच ते नाव आहे. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईतील दाटीवाटीच्या वस्त्यांचा प्रश्न ऐरणीवर आला आणि १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. दादर-माटुंगा भागात रुंद रस्ते, मोकळ्या जागा आणि बेताच्या उंचीच्या इमारती यांची आखणी होत गेली. या नागरी विस्ताराच्या काळात, १९२५ मध्ये, हे मैदान ‘माहीम पार्क’ या नावाने लोकांसाठी खुले झाले. १९२७ मध्ये नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने त्याला शिवाजी महाराजांचे नाव मिळाले. सार्वजनिक जागेच्या नामकरणात एका स्त्रीचा पुढाकार असणे, ही त्या काळाचा विचार करता नोंद घेण्याजोगी बाब आहे.

याच वर्षांची दुसरी एक बाजू आहे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांनी, म्हणजेच दादरकरांना रस्त्याच्या नावावरून परिचित असलेल्या रावबहादूर बोले यांनी, मुंबई कायदे मंडळात ठराव मांडला. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा इत्यादी ठिकाणे अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुली असावीत, असा त्याचा आशय होता. त्याच्या अंमलबजावणीसाठी मार्च १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. माहीमच्या मैदानाला नवे नाव मिळाले तेही १९२७ मध्येच. एकीकडे नवे नागरी मैदान आकारास येत होते आणि दुसरीकडे ‘सार्वजनिक’ या शब्दाचा अर्थच तपासला जात होता. पुढे भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १५(२) ने विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांच्याबरोबरच शासनाच्या निधीतून राखलेल्या किंवा लोकांसाठी समर्पित केलेल्या सार्वजनिक जागांच्या वापराबाबत धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून अटकाव करण्यास मनाई केली. बागेच्या बाकावर बसण्याचा हक्क या तरतुदीत अनुस्यूत आहे. पार परंपरेने मिळतो, बाग हक्काने मिळते. दोहोंमधील मूलभूत भेद हा आहे.

सुमारे २८ एकरांचे हे मैदान एकसंध नाही. मध्यभागी क्रिकेटच्या अनेक खेळपट्ट्या आहेत. कडेला श्री समर्थ व्यायाम मंदिर, जिमखाना, मुलांची बाग, ज्येष्ठांसाठीचे नाना-नानी पार्क, उद्यान गणेशाचे मंदिर, वाचनालय, स्काउट पॅव्हेलियन आहेत. या सर्वांना वेढणारा सुमारे सव्वा किलोमीटर परिघाचा बुटका कट्टा आहे. रमाकांत आचरेकर यांनी येथे खेळाडूंच्या पिढ्या घडवल्या. फलंदाज बाद झाला नाही तर यष्टीवर ठेवलेले नाणे त्याचे, ही त्यांची रीत सचिन तेंडुलकर यांच्या आठवणींमुळे सर्वश्रुत झाली आहे. डिसेंबर २०२४ मध्ये आचरेकरांचे स्मारक याच मैदानालगत उभे राहिले. समर्थ व्यायाम मंदिरात मल्लखांबाचे शिक्षण मुलांबरोबर मुलींनाही मिळते. तेथील प्रशिक्षक उदय देशपांडे यांना २०२४ मध्ये पद्मश्री जाहीर झाली आणि २०१९ मधील पहिली जागतिक मल्लखांब स्पर्धाही येथेच भरली. पेशवाईच्या उत्तरकाळात बाळंभटदादा देवधरांनी नव्याने रूढ केलेली ही विद्या तालमीच्या चार भिंतींबाहेर येऊन रस्त्यावरून जाणाऱ्याच्याही नजरेस पडते, हे मैदानाचे श्रेय आहे.

तथापि प्रस्तुत लेखिकेच्या मते या मैदानाचा खरा गाभा त्यातील कोणत्याही संस्थेत नसून त्याच्या कट्ट्यात आहे. सुट्टीतील एका संध्याकाळी तेथे दोन तास बसण्याचा योग आला. समोर क्रिकेटचा सराव आवरत होता. कट्ट्याच्या आतील बाजूने चालणाऱ्यांचा ओघ चालू होता. त्यांत वेगाने चालणारे तरुण होते, तसेच काठी टेकत चालणारे आजोबाही होते. एक आई बाबागाडी थांबवून मैत्रिणीशी बोलत होती. महाविद्यालयीन मुला-मुलींचा एक घोळका कशावर तरी वाद घालत होता. शेजारी बसलेल्या एका वृद्ध बाईंना लेखिकेने विचारले, ‘आजी, तुम्ही रोज येता?’ त्या म्हणाल्या, ‘रोज येते. इथं कुणी ऊठ म्हणत नाही.’

वर्गातील विद्यार्थिनीचे उत्तर आणि या आजींचे उत्तर यांत एका शब्दाचे अंतर आहे. एकीला ‘बस’ असे कोणी म्हटले नव्हते. दुसरीला ‘ऊठ’ असे कोणी म्हणत नव्हते. कट्ट्याला तिकीट नाही, वयाची अट नाही, काही विकत घेण्याची सक्ती नाही. बाकावर तीन माणसे बसली की चौथ्याला जागा उरत नाही, कट्ट्यावर मात्र थोडे सरकले की जागा होते. शिवाय कट्ट्यावर बसण्यासाठी कारण द्यावे लागत नाही. मूल घेऊन आलेली आई, खेळाडू, भाविक यांना बागेत येण्याचे कारण असते. कट्टा कारण नसलेल्यालाही सामावून घेतो.

येथे जेन जेकब्ज यांच्या १९६१ मधील ‘द डेथ अँड लाइफ ऑफ ग्रेट अमेरिकन सिटीज’ या ग्रंथाचे स्मरण होते. बाग आपोआप परिसराला जिवंत करत नाही. परिसरातील विविध व्यवहार आणि दिवसाच्या निरनिराळ्या वेळी येणारी निरनिराळी माणसे बागेला जिवंत करतात, हे त्यांचे प्रतिपादन शिवाजी पार्कला लागू पडते. पहाटे चालणारे, सकाळी खेळाडू, दुपारी सावलीला टेकणारे कामगार, संध्याकाळी मुले आणि रात्री गप्पा मारणारे, अशी माणसांची पाळी बदलत राहते. मैदान क्वचितच ओस पडते आणि ओस पडत नाही म्हणून सुरक्षित वाटते.

या मैदानाचे दोषही सांगितले पाहिजेत. सभोवतालची वस्ती दीर्घकाळ प्रामुख्याने पांढरपेशा मध्यमवर्गाची राहिली आणि त्या वर्गाची अभिरुची मैदानावर उमटली. शांता गोखले यांनी २०२० मध्ये या परिसरावर स्वतंत्र इंग्रजी पुस्तक लिहिले; असे भाग्य श्रमिकांच्या वस्तीतील एखाद्या मैदानाला सहसा लाभत नाही. राजकीय सभांची परंपरा आणि रहिवाशांचा शांततेचा हक्क यांतील तणाव न्यायालयापर्यंत गेला आणि २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने हा परिसर शांतता क्षेत्र ठरला. लाल मातीच्या धुळीविषयी रहिवाशांच्या तक्रारी सातत्याने होत आल्या आहेत. म्हणजे हे मैदान आदर्श आहे असे नाही. ते सतत वादात असलेले, सतत वाटाघाटीत असलेले मैदान आहे. सार्वजनिक जागेचे ते लक्षणच म्हटले पाहिजे.

आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. जवळच चैत्यभूमी आहे. दरवर्षी ६ डिसेंबरला महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून येणाऱ्या अनुयायांच्या मुक्कामाची सोय या मैदानावर केली जाते आणि पुस्तकांची दुकाने लागतात. म्हातारी आई, कडेवरचे मूल, तरुण मुले असे पूर्ण कुटुंब मैदानावर उतरते. ज्यांच्या पूर्वजांना गावच्या पारावर स्थान नव्हते, ते या दिवशी महानगरातील मध्यमवर्गीय वस्तीच्या मैदानावर हक्काने बसलेले असतात. ‘सर्व वयांसाठी’ या शब्दांना ‘सर्वांसाठी’ हा अर्थ लाभतो तो येथे.

पाहण्याची बाग आणि वापरण्याची बाग

पुण्यातील उद्यानांकडे पाहताना एक उपयुक्त भेद लक्षात येतो. सारसबागेच्या जागी एके काळी नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत खोदलेले तळे होते आणि त्यातील बेटावर १७८४ मध्ये सवाई माधवरावांनी गणपतीची स्थापना केली. आज तळे राहिले नसले, तरी ‘तळ्यातला गणपती’ हे नाव टिकून आहे. दर्शन, हिरवळीवर बसणे, मुलांचे खेळ आणि बाहेरची भेळ असा एका कुटुंबाचा सर्व कार्यक्रम तेथे होतो. देवदर्शनाचे निमित्त असल्याने घरातील वृद्ध स्त्रीलाही बाहेर पडायला संकोच वाटत नाही, ही बाब समाजशास्त्रीय दृष्टीने महत्त्वाची आहे. शेजारच्या पेशवे पार्कमधील प्राणिसंग्रहालय १९९९ मध्ये कात्रजला हलवले गेले. १९५६ पासूनची ‘फुलराणी’ ही छोटी आगगाडी मात्र पुणेकरांच्या कितीतरी पिढ्यांच्या आठवणीत आहे. आपण बसलेल्या गाडीत नातवाला बसवणे, ही पिढ्यांना जोडणारी साधी पण परिणामकारक कृती होय.

याउलट सिंहगड रस्त्यावरील पु. ल. देशपांडे उद्यान जपानमधील ओकायामा शहरातील कोराकुएन उद्यानाच्या धर्तीवर रचलेले आहे. पाणी, खडक, हिरवळ आणि पायवाटा यांची ती मांडणी देखणी आहे. पण ती मुख्यतः पाहण्याची बाग आहे. ठरलेल्या वाटेने चालावे, हिरवळ जपावी, शांत राहावे, अशी शिस्त तिच्या रचनेतच आहे. मुलांना तेथे धावू द्यायचे नसते. अशा बागेला निश्चितच स्थान आहे; परंतु वस्तीतील रोजच्या बागेचा तो नमुना होऊ शकत नाही. आपल्याकडील अडचण अशी की बाग म्हटली की नियोजकांच्या डोळ्यांपुढे पाहण्याची बाग येते आणि मग ‘हिरवळीवर बसू नये’ असा फलक प्रथम लागतो.

वयांची विभागणी

अलीकडील उद्यानांत आणखी एक प्रवृत्ती दिसते. मुलांचा कोपरा वेगळा, तरुणांची खुली व्यायामशाळा वेगळी, ज्येष्ठांचा कट्टा वेगळा. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत गिरगाव चौपाटीजवळ ‘नाना-नानी पार्क’ झाले आणि पुढे हे नाव ठिकठिकाणी रूढ झाले. ‘नाना’ आणि ‘नानी’ म्हटले की मराठी वाचकाला जयवंत दळवी यांच्या ‘संध्याछाया’ या नाटकातील वृद्ध दांपत्य आठवल्यावाचून राहत नाही. त्या नाटकातील शोकांतिका गरिबीची किंवा आजारपणाची नाही. बोलायला माणूस नसण्याची आहे. त्या नाना-नानींना त्यांच्याच वयाच्या माणसांसाठी राखलेला बाक दिला असता, तर त्यांचे दुःख काहीसे हलके झाले असते; पण ते ज्या आवाजाची वाट पाहत होते, तो तरुण आवाज तेथे आला असता का, ही शंका उरते.

वृद्धांना निवांतपणा हवा असतो आणि चेंडू लागण्याची भीतीही असते. म्हणून काही प्रमाणात वेगळी जागा आवश्यक आहे, हे मान्यच केले पाहिजे. आक्षेप आहे तो कुंपण घालून केलेल्या विभागणीला. मुलांच्या घसरगुंडीपासून आजोबांचा बाक दिसला पाहिजे आणि आजोबांच्या बाकावरून घसरगुंडी दिसली पाहिजे. नेदरलँड्समधील वास्तुविशारद आल्डो व्हान आयक यांनी १९४७ पासून सुमारे तीन दशकांत ॲमस्टरडॅममध्ये काही शे लहान खेळजागा रचल्या. युद्धानंतर मोकळ्या पडलेल्या, दोन इमारतींमधल्या, चौकातल्या उरलेल्या जागा त्यांनी निवडल्या. वाळूचा हौद, उड्या मारायचे ठोकळे, चढण्यासाठी लोखंडी कमानी आणि भोवती मोठ्यांसाठी बाक, एवढेच साहित्य असे. मोठी जागा किंवा मोठा निधी नसतानाही वयांना एकत्र आणता येते, हे त्यावरून दिसते. पुण्यात १९८० च्या दशकात सारसबागेजवळ शोभा भागवत यांच्या पुढाकाराने उभे राहिलेले गरवारे बालभवन हेही सांगते की खेळणी महाग असण्यापेक्षा मुलांकडे लक्ष देणारे मोठे माणूस जवळ असणे अधिक मोलाचे असते.

निमगाव सावाच्या संदर्भात

आता गावाकडे वळू. गावात मोकळी जागा मुबलक आहे, मग बाग कशाला, हा नेहमीचा आक्षेप आहे. वस्तुस्थिती तशी राहिलेली नाही. कुकडीच्या पाण्याबरोबर ऊस वाढला, ऊस वाढला तसा बिबट्यालाही दाट आसरा मिळाला. जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर या तालुक्यांचा समावेश असलेल्या जुन्नर वनविभागात मानव-बिबट संघर्ष हा दोन दशकांहून अधिक काळचा प्रश्न आहे आणि माणिकडोहचे बिबट निवारा केंद्र ही त्याचीच खूण होय. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत बालकांचे बळी गेले. या घटनांनंतर दिवेलागणीला अंगणात खेळणाऱ्या पोराला घरात ओढून घेणे हे आईचे रोजचे काम झाले आहे. शेतावरील वस्तीवर राहणाऱ्या मुलांना समवयस्क सोबती दिवसाच मिळतात. वृद्धांना संध्याकाळी पाराकडे जायला सोबत लागते. मोकळी जागा चहूकडे आहे. निर्धास्त मोकळी जागा नाही.

अशा स्थितीत गावठाणातील दिवे असलेली, कुंपण असलेली, लोकांनी गजबजलेली सार्वजनिक जागा ही चैनीची बाब राहत नाही. मुलांना अंधार पडल्यावरही तासभर एकमेकांबरोबर खेळता यावे, आजीला शेजारणीशी बोलता यावे, महाविद्यालयातून बसची वाट पाहणाऱ्या मुलीला उभे न राहता बसता यावे, या साध्या गरजा आहेत. पॅट्रिक गेडिस १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. नगररचनेत मोठी तोडफोड करण्याऐवजी असलेली वस्ती, झाडे आणि लहान मोकळ्या जागा जपून सुधारणा करावी, असा त्यांचा आग्रह होता. गावाला हा मार्ग मानवणारा आहे. नवे, दूरचे, गावाबाहेरचे उद्यान करण्यापेक्षा शाळेचे पटांगण, देवळाचा परिसर आणि जुना पार यांना जोडून घेणे अधिक शहाणपणाचे ठरेल. पाराला पायरी आणि कठडा द्यावा, समोर मुलांची वाळू आणि झोका असावा, सभोवार बुटका कट्टा असावा, जवळच स्त्रियांसाठी स्वच्छतागृह असावे. झोका वर्षातून एकदा नागपंचमीला बांधण्याऐवजी कायमचा असावा, एवढ्यानेही सणाचा विरंगुळा रोजचा होऊ शकेल.

एकदा जागा राखली की ती राखलेलीच राहिली पाहिजे, हेही महत्त्वाचे आहे. बंगळूर मेडिकल ट्रस्ट विरुद्ध मुद्दप्पा या १९९१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने उद्यानासाठी राखीव ठेवलेली जागा खासगी रुग्णालयाला देण्याचा निर्णय अमान्य केला आणि त्याविरुद्ध दाद मागण्याचा रहिवाशांचा अधिकार मान्य केला. रुग्णालय हे सत्कार्य असूनही बागेची जागा त्यासाठी घेता येत नाही, हा या निकालाचा अर्थ आपण सर्वांनी लक्षात ठेवण्याजोगा आहे. गावातही ‘तेथे नुसती पोरे खेळतात’ म्हणून पटांगणाचा एकेक कोपरा दुसऱ्या कामासाठी घेतला जातो. खेळणे हाही जागेचा पूर्ण आणि पुरेसा उपयोग आहे, हे मान्य करण्याची आपली तयारी नसते.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. ‘सर्व वयांसाठी’ बाग म्हणजे प्रत्येक वयासाठी वेगळे साहित्य असलेली बाग, हा अर्थ अपुरा आहे. वेगवेगळी वये एकमेकांच्या नजरेत राहतील अशी रचना हा तिचा मुख्य निकष होय.

२. गावच्या पारात हा गुण होता. परंतु जात आणि लिंग यांनी त्याला मर्यादा घातली होती. नागरी बागेने हक्काची कल्पना आणली, हे तिचे ऐतिहासिक योगदान आहे. पाराची जवळीक आणि बागेचा हक्क या दोहोंची सांगड ग्रामीण भागात घालता येण्यासारखी आहे.

३. पाहण्याची बाग आणि वापरण्याची बाग यांत फरक केला पाहिजे. वस्तीसाठी दुसरीची गरज अधिक आहे.

४. जुन्नर-आंबेगाव परिसरात बिबट्याच्या भयामुळे संध्याकाळचा सार्वजनिक अवकाश आकुंचन पावला आहे. येथे सुरक्षित, उजेडाची, गजबजलेली जागा ही मूलभूत सोय मानली जावी.

५. महाविद्यालयांना स्वतःची मैदाने असतात. ती सायंकाळी ठराविक वेळ गावातील मुले, स्त्रिया आणि ज्येष्ठ यांना खुली करणे ही फारशा खर्चाची बाब नाही. राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांकडे तेथील देखरेखीचे काम देता येईल. या सूचनेचा प्राध्यापकवर्गाने विचार करावा, अशी विनंती आहे.

शेवटी पुन्हा त्या विद्यार्थिनीच्या उत्तराकडे येऊ. ‘बस असंही कुणी म्हटलं नाही’ असे ती म्हणाली, तेव्हा तिने एका गावाची तक्रार केली नव्हती. आपण सर्वांनी गृहीत धरलेल्या एका जागेकडे बोट दाखवले होते. ग्रामीण साहित्यातील पार शिकवताना आपण त्यावर कोण बसले आहे ते सांगतो. कोण बसलेले नाही, हे विचारायचे राहून जाते. तो प्रश्न वर्गात विचारला जावा आणि त्याचे उत्तर गावातील एखाद्या कट्ट्याच्या रूपाने दिले जावे, एवढीच अपेक्षा.